मावसा उभे आहेत

सुरत शहरात माझ्या मावसांइतका वेळ रस्त्यावर उभा राहिलेला दुसरा माणूस सापडणार नाही, अगदी पुतळे धरूनसुद्धा. पुतळ्यांना निदान खाली चौथरा असतो, वर्षातून एकदा हार मिळतो आणि कबुतरं अंगावर बसली तरी ती हाकलायची जबाबदारी त्यांच्यावर नसते. मावसांना यातलं काही नव्हतं. नवागामच्या नाक्यावर, पानाच्या गल्ल्याच्या, म्हणजे टपरीच्या, डाव्या अंगाला, विजेच्या खांबापासून हातभर अंतर राखून ते सकाळच्या चहाभाकरीनंतर उभे राहत ते रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. खांबाला ते टेकत मात्र नसत. टेकून उभ्या राहणाऱ्या तरुण पोरांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "टेकस तो आळशी," ते मला अहिराणीत समजावून सांगत, "मी आळशी नही. मी उभा शे." या दोन गोष्टींतला फरक त्यांना इतका स्पष्ट दिसत असे की, मला तो दिसत नाही याचा दोष ते कॉलेजला देत.

मावसा म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नाक्यावर सगळे त्यांना नाना म्हणत. मूळचे पारोळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि सारी उमेद कापडाच्या लूमवर उभ्याने घालवली. दोन्ही बाजूंना खडखडणारे माग आणि मधल्या अरुंद वाटेत आपण. तिथे बसायची सोय नव्हती आणि बसायची हिंमतही कोणी करत नसे, कारण बसलं की डुलकी आणि डुलकी लागली की हात मागात. पुढे कान अधू झाले आणि मालकाने "काका, आता आराम करा" म्हणून घरी पाठवलं, तेव्हा आराम म्हणजे नक्की कुठल्या अवयवाने करायचा हेच त्यांना समजेना. मावशीने हौसेने प्लास्टिकची खुर्ची आणून ओट्यावर ठेवली. मावसा दोन दिवस त्या खुर्चीच्या शेजारी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मावशीने खुर्चीवर पाण्याचा माठ ठेवला.

लूमच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असल्यामुळे मावसांचं साधं बोलणं म्हणजे जाहीर सभा आणि कुजबुज म्हणजे लाउडस्पीकर. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं, अगदी कानाशी तोंड आणलं आणि गल्लेवाल्याची तब्येत हल्ली बरी दिसत नाही अशी शंका गुप्तपणे बोलून दाखवली. रस्त्यापलीकडच्या चाळीतून गल्लेवाल्याची बायको पदर सावरत धावत आली, पाठोपाठ तिची सासू आली आणि धडधाकट गल्लेवाल्याला दुपारभर डॉक्टरांकडे बसवून ठेवण्यात आलं. असा आवाज घरात ठेवणं शक्य नव्हतं, कारण घर म्हणजे एक खोली होती आणि त्या खोलीत मावसांचा एकुलता एक मुलगा दिवसभर झोपलेला असे. तोही लूमवरच, पण रातपाळीला. दिवसा खोलीत एकच आडवा माणूस मावायचा आणि ती जागा कमावत्या मुलाची होती. मावशी बाहेर ओट्यावर बायकांच्या घोळक्यात साड्यांचे लोंबते धागे कापत बसे. मावसा नाक्यावर. मुलगा रात्री कामावर गेला की दोघं आत येत. या व्यवस्थेबद्दल घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. ती पंख्याच्या आवाजासारखी चालू होती.

आता नाक्यावर नुसतं उभं राहून माणूस काय करतो, असं कोणी विचारेल. मी अमळनेरहून बीए होऊन, आमच्या घराण्यातली पहिली पदवी पत्र्याच्या ट्रंकेत घालून नवागामला उतरलो, तेव्हा मलाही हा प्रश्न पडला होता. गावाहून निघताना मला जो पत्ता सांगितला होता तो एवढाच: "नवागामच्या नाक्यावर जा, मावसा उभे आहेत." घर नंबर नाही, गल्ली नाही. खानदेशातून सुरतेला येणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच पत्ता होता. मी रिक्षातून उतरतो न उतरतो तोच अर्धा रस्ता ओलांडून आवाज आला, "कोना पोऱ्या रे तू?" हा प्रश्न ते पिशवी हातात असलेल्या प्रत्येकाला विचारत. मी नाव सांगितलं. त्यांनी माझी ट्रंक खांबाशी ठेवली आणि पुढच्या तासाभरात, जागचे न हलता, माझ्या आयुष्याची सोय लावली. पर्वत पाटियाकडच्या एका मराठी शाळेतले मास्तर बदलून गेल्याची बातमी त्यांना होती, कारण त्या शाळेचा शिपाई रोज नाक्यावरून सायकलने जाई. त्या शिपायाच्या ओळखीचा माणूस खोली भाड्याने देतो हेही त्यांना ठाऊक होतं. पंधरवड्यात मी मास्तर झालो. मला शिकवलं माझ्या आईवडिलांनी, पण नोकरीला लावलं ते त्या नाक्याने. हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो. मावसाही ते सांगत, पण माझ्यापेक्षा मोठ्याने. "हाऊ मना साडूना पोऱ्या. बीए शे!" अशी माझी ओळख त्यांनी भाजीवाल्यांना, म्हशी हाकणाऱ्यांना आणि एकदा तर चालत्या बसच्या कंडक्टरलाही करून दिली. कंडक्टरने दारातून वाकून नमस्कार केला होता.

अशा माणसाच्या आयुष्यात जाहीरनामा आला. प्लेगच्या साथीनंतर शहराने स्वतःला झाडूनपुसून काढलं होतं. रस्ते रुंद होत होते, टपऱ्या हटत होत्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत माणसं उभी राहिली की ती केरासारखी दिसू लागली होती. त्यात मग कसल्याशा कारणाने शहरातलं वातावरण तापलं आणि पोलिसांनी भिंतीवर गुजरातीत कागद लावला. मावसांनी मला रविवारी तो मोठ्याने वाचायला लावला. मी अक्षरं लावत लावत अर्थ सांगितला: चार किंवा जास्त इसमांनी जाहीर जागी जमू नये, सबळ कारणाशिवाय रस्त्यावर रेंगाळू नये, लग्नाची वरात आणि अंत्ययात्रा यांना सूट. सगळे मावसांकडे पाहू लागले. मग मावसा म्हणाले, "म्हणजे तीन चालतस."

त्या दिवसापासून नवागामच्या नाक्याने कायदा असा पाळला की कायदा लिहिणाऱ्याला घाम फुटला असता. मावसांनी माणसांचे तीन-तीनचे गठ्ठे केले. दोन गठ्ठ्यांमध्ये म्हैस जाईल इतकं अंतर. गप्पा पूर्वीच्याच चालत, फक्त आता त्या एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात ओरडून पोचवाव्या लागत. लूमवरची माणसं ती, ओरडायला त्यांना काय लागतं? पूर्वी जो आवाज पानाच्या गल्ल्यापुरता होता तो आता दिंडोलीच्या रस्त्यापर्यंत जाऊ लागला. कोणी नवखा येऊन एखाद्या गठ्ठ्यात उभा राहिला की मावसा लांबून गरजत, "चौथा कोन शे तठे? चौथा निघ!" आणि बिचारा चौथा पुढच्या गठ्ठ्यात जाई, तिथेही चौथाच ठरे आणि असा फिरत फिरत आपल्या घरी पोचे.

सबळ कारणाचा प्रश्न त्यांनी त्याहून सोपा करून टाकला. त्यांच्या मते कारण हातात दिसलं पाहिजे. म्हणून ते स्वतः रॉकेलचा रिकामा डबा घेऊन उभे राहू लागले. पोलिसाने हटकलं की रॉकेलच्या रांगेला चाललोय. त्यांचं पाहून कोणी तुटकी चप्पल आणली, कोणी दळणाचा डबा. गल्लेवाल्याने तर उशिरा येणाऱ्यांसाठी दोन जुन्या चपला राखूनच ठेवल्या. "मनं कारन धर रे जरा, मी च्या पिईसन येस," असं म्हणून मावसा डबा माझ्या हातात देत आणि मी, भूगोल आणि मराठी शिकवणारा मास्तर, भर रस्त्यात त्यांचं कारण धरून उभा राही. बीटवरचा हवालदार गुजराती होता, पोट सुटलेला आणि स्वभावाने गरीब. तो रोज मोटारसायकल थांबवून विचारी, "काका, पाछा ऊभा छो?" म्हणजे पुन्हा उभेच का. मावसा डबा वर करून दाखवत. हवालदार डब्याकडे बघे, आभाळाकडे बघे आणि किक मारून निघून जाई.

ही गंमत महिनाभर चालली असती आणि विसरली गेली असती. पण मावसांच्या जिवाला त्याच दिवसांत एक घोर लागलेला होता. मुलाचं लग्न जमत नव्हतं. मुलगा कमावता, निर्व्यसनी, दिसायला बरा. पण मुलीकडचे घर पाहायला दिवसा येत आणि दिवसा तो झोपलेला असे. एका स्थळाची सात माणसं खोलीत आली, बसायला जागा नव्हती म्हणून त्याच्याभोवती गोल उभी राहिली, त्याला उठवावं की नाही हे कोणालाच ठरवता येईना आणि शेवटी मुलीच्या काकांनी चादरीचं टोक उचलून चेहरा पाहून घेतला. "पोरगा चांगला आहे," ते बाहेर येऊन म्हणाले, "पण आम्हाला दर्शन घेऊन निघाल्यासारखं वाटलं." दुसरं स्थळ तर उंबऱ्यावरूनच परत गेलं. मुलीच्या आईने एवढंच विचारलं, "आमची पोर कुठे बसेल?" मावसा त्या दिवशी नाक्यावर कोणाशी बोलले नाहीत. त्या शांततेने लोक इतके घाबरले की मावशीला निरोप गेला.

तिसरं स्थळ धुळ्याकडचं आलं. मुलीचे वडील, मामा, म्हातारी आत्या आणि आणखी दोघं. रविवारी उधना स्टेशनला उतरून येणार आणि पत्ता अर्थातच "नवागामच्या नाक्यावर, मी उभाच आहे." जाहीरनामा चालू होता. मावसांनी तयारी मात्र चोख केली होती. पाहुण्यांची फोड करायची, दोघांना रसवंतीवर, दोघांना चांभाराकडे, आत्याबाईंना गल्ल्यामागे, आणि मग एकेकाला घरी न्यायचं. मला त्यांनी डबा दिला आणि जरा लांब उभं केलं. पण मुलीचे वडील साधे सरळ गावचे गृहस्थ. त्यांनी रिक्षातून उतरताच होणारे व्याही पाहिले, "रामराम नाना!" म्हणून दोन्ही हात पसरले आणि भर नाक्यावर कडकडून गळाभेट घेतली. मागोमाग मामांनी घेतली. मग उरलेल्या दोघांनी. मावसा प्रत्येकाच्या खांद्यावरून ओरडत होते, "तीन! तीन! चौथा निघा!" आणि पाहुण्यांना वाटलं ही सुरतेची काहीतरी रीत असेल, म्हणून तेही प्रत्येक भेटीला "तीन, तीन" म्हणू लागले. नेमका त्या दिवशी आमचा हवालदार रजेवर होता. बदली आलेला तरुण शिपाई नवा होता, उत्साही होता आणि त्याने कागद वाचलेला होता. पाच मिनिटांत आम्ही सगळे चौकीत होतो.

चौकी प्रशस्त होती. वर पंखा, खाली दोन लांब बाक, कोपऱ्यात गार पाण्याचा माठ. आत्याबाई पंख्याखाली बसल्या, पदराने घाम पुसला, भोवताली नजर फिरवली आणि समाधानाने म्हणाल्या, "घर चांगलं मोठं शे हो. पण भितीले इतला दांडका कशाले टांगेल शेतस?"

"आत्या, हाई पोलीस चौकी शे," मामा दात खाऊन म्हणाले.

"मंग काय झायं? पंखा तं शे."

टेबलामागचा जमादार चष्मा पुसत होता. त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि मावसांकडे पाहिलं. "काका, रोज तीन-तीन उभे करता ते तुम्हीच ना? आज एकदम आखी टोळी?"

"लगीन जमाडी ऱ्हायनूत साहेब," मावसा म्हणाले. चौकीच्या खिडक्या थरथरल्या. "जाहीरनाम्यात लग्नाले सूट शे. हाऊ मना साडूना पोऱ्या, बीए शे, तेले विचारा."

जमादाराने मला विचारलं. मी उभा राहिलो आणि जसं होतं तसं सांगितलं, "साहेब, सूट वरातीला आहे. लग्न जमवण्याला आहे की नाही, ते लिहिलेलं नाही." मावसांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पदवी परत घेण्याचा अधिकार त्यांना असता, तर ती तिथेच गेली असती.

"वरराजा क्यां छे?" जमादाराने विचारलं.

"झोपेल शे."

"सोयरीक इथे, आणि वर झोपला?"

"रातपाळी शे साहेब."

जमादार हसला. पण मुलीचे मामा हसले नाहीत. ते मघापासून बाकाच्या टोकाला गुडघे हलवत बसले होते. "नाना, आता इथं बसलोच आहोत तर उघड विचारतो," ते म्हणाले. "तुमची खोली एक. आमची पोर तिथं राहणार कशी?"

"खोली तेस्नीच शे," मावसा म्हणाले. "बायको ओट्यावर बसते. मी दिवसा घरात पाय ठेवत नही. मी नाक्यावर."

"नाक्यावर? मग आज इथं कसे? उद्या पुन्हा उचललं, परवा पुन्हा उचललं, तर तुम्ही घरातच बसणार ना? मग सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, त्या एका खोलीत पोरीने दिवसभर कुठे तोंड करून उभं राहायचं?"

मावसा दोन पावलं मागे सरले आणि चौकीच्या भिंतीला टेकले. मुलीच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिसरं स्थळही उठतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

जमादाराने पेन खाली ठेवलं. त्यालाही ते दिसलं असावं. खाकीतला असला तरी तोही कोणाचा तरी बाप असणार. तो सावकाश म्हणाला, "काका, एकला ऊभा रहो तो कायदो नथी नडतो. एकटा माणूस म्हणजे टोळी नाही. पण एकटं हां. सोबत कोणी दिसलं नाही पाहिजे."

"एकटा?" मावसांनी विचारलं. त्यांचा इतका लहान आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"एकटा."

मावसांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा मुलीच्या वडिलांकडे. "चालीन," ते म्हणाले. "सर्वास्ना समोर सांगस. दिवसा घरात पाय ठेवाव नही आणि नाक्यावर एकटाच उभा ऱ्हासू."

मुलीच्या वडिलांनी टोपी परत डोक्यावर घातली. "मग आमचं ठरलं," ते म्हणाले. चौकीतल्या चहाच्या डब्यातली साखर शिपायाने प्रत्येकाच्या हातावर ठेवली, आत्याबाईंनी जमादाराला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला आणि सोयरीक पक्की झाली. मुलगा संध्याकाळी उठला तेव्हा त्याला कळवण्यात आलं.

लग्न उन्हाळ्यात गावी झालं. सून आली आणि मावसा दिलेला शब्द पाळू लागले. तो ते इतक्या कडकपणे पाळत की नाक्याची दशा झाली. कोणी जवळ आलं की ते हात झाडत, "पुढे चाल, पुढे चाल!" ज्याला त्यांच्याशी बोलायचं असे तो सायकलवरून त्यांना प्रदक्षिणा घाली आणि प्रत्येक फेरीला एक वाक्य बोले. एक भाऊबंदकीची गोष्ट सांगायला एका गृहस्थाला पंक्चर होईपर्यंत फिरावं लागलं. पुढे जाहीरनाम्याची मुदत संपली, भिंतीवरचा कागद गळून पडला, मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. एकदा तर आमचा जुना हवालदारच दोन घटका गप्पा मारायला त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. मावसा चार पावलं बाजूला सरकले. "साहेब, शब्द देयेल शे," ते म्हणाले. हवालदाराला कळेना आपण कुठला कायदा मोडला.

पावसाळ्यानंतर मुलाची पाळी बदलली. तो दिवसा कामावर जाऊ लागला, मावशी नेहमीप्रमाणे ओट्यावर, आणि खोलीत दिवसभर सून एकटी. मावसा तरीही नाक्यावरच. शाळेच्या एका सुट्टीला मी गेलो, तेव्हा सुनेने मला दारातच थांबवलं. लहानखुरी, स्पष्ट बोलणारी मुलगी. "भाऊजी, नाना दिवसा घरात का बरं येत नहीत? दुपारचं पाणीबी मना हातनं पेत नहीत. मनावर राग शे का?"

तिच्या लग्नाची ती अट तिला कोणीच सांगितलेली नव्हती. मी सांगावी की नाही हे मला ठरवता येईना. "त्यांनाच विचार," मी म्हणालो. मला वाटलं ती विचारणार नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, पायात चपला घातल्या आणि भर दुपारी नाक्याकडे चालू लागली. मी मागोमाग. सून नाक्यावर येताना पाहून गल्लेवाल्याने रेडिओ बंद केला.

"नाना, घर चला."

मावसा दचकले. "पोऱ्या झोपेल व्हई."

"ते कामवर शेतस. कोन्ही नही घरात."

"मंग तू निवांत ऱ्हाय ना, माय. खोली तुनी शे."

"एकलीनी कितलं निवांत ऱ्हावं?" ती म्हणाली. "गावले आम्ही घरात नऊ माणसं व्हतूत. आठे दिवसभर ती खोली माले खावाले उठस. चला."

ती एक खोली कोणाला मोठी वाटेल, हे मावसांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते खांबाकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. ती हटली नाही. "नही येत तर मीबी आठेच उभी ऱ्हास," ती म्हणाली आणि खरोखरच त्यांच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. येणारे-जाणारे थबकू लागले. आता एकटं उभं राहण्याचा शब्द तसाही मोडलाच होता; मावसा घराकडे निघाले. ती दोन पावलं मागून चालत होती, जणू ते वाटेतून परत वळतील अशी तिला धास्ती होती.

उंबऱ्यापाशी ते थांबले. खिडकीच्या गजांमधून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि फरशीवर, जिथे पूर्वी दिवसा मुलाचं अंथरूण असे तिथे, त्याचा लांबट पट्टा पडला होता. मावसा कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"आठे ऊन येस?" त्यांनी विचारलं.

"रोज येस, नाना. याच टायमाले."

"कधीपासून?"

तिला ती थट्टा वाटली. "खिडकी शे ना," ती हसत म्हणाली, "पहिलापासूनच येत असेल." आणि ती पाणी आणायला वळली. मावसांनी चपला बाहेर काढल्या आणि त्या उन्हावर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने आत आले.